खालूंचा खडूचा ट्रेलर

जगात अशी एकही वस्तू उरलेली नाही, जी माझ्या खालूंनी टेप लावून मोजलेली नाही. खालू म्हणजे माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मूळचे रत्नागिरीकडचे, एकतीस वर्षं आखातात, अल ऐनमध्ये सुतारकामाचे फोरमन, आणि पट्ट्याला डाव्या बाजूला अडकवलेली पाच मीटरची पिवळी टेप. माझी मुलगी जन्मली तेव्हा बाकीचे नातेवाईक तिचं नाक कोणावर गेलंय ते बघत होते. खालूंनी टेप काढली आणि जाहीर केलं, "साडेएकोणीस इंच. नर्सने वीस लिहिलंय, चूक आहे." दावतीत बिर्याणीचा थाळा येण्याआधी त्यांचं टेबल मोजून झालेलं असतं, आणि "सहाच्या टेबलावर आठ बसवलेत" हा निकाल यजमानांच्या कानावर गेलेला असतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सांगायला मला कसलाही संकोच नाही, बी.कॉम.ची डिग्री फ्रेम करून हॉलमध्ये लावली आहे. ती पाहून खालूंचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच त्यांनी खिशातून लेव्हल काढून दाखवून दिलं की फ्रेम उजवीकडून एक सूत खाली आहे.

त्या डिग्रीवर त्यांचा हक्कही आहे म्हणा. "पोराला दुकानात बसवू नका, शिकवा," असं माझ्या वडिलांना फोनवरून दटावणारे तेच. म्हणूनच की काय, ग्रॅज्युएट माणसाला सगळं कळतं अशी त्यांची पक्की समजूत आहे. आता मीही नोकरीसाठी अल ऐनमध्येच असतो. गेल्या हिवाळ्यात ते दोन ब्रोशर घेऊन माझ्याकडे आले आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तू शिकलेला आहेस. वाचून सांग, यात माणूस सुखात राहील का?"

ब्रोशर होती फिफ्थ व्हील ट्रेलरची. पिकअपच्या मागच्या हौद्यात एक जाड लोखंडी चकती बसवतात, तिच्यावर ट्रेलरची उंच मान टेकते आणि मागे अख्खं घर ओढलं जातं. थंडी पडली की इथे वाळूत असे कॅरव्हॅन उभे राहतात. अशा कितीतरी कॅरव्हॅनची आतली कपाटं, ओटे, पलंग खालूंच्या हातचे. "एकतीस वर्षं दुसऱ्यांचे सजवले. यल्ला, आता आपला!" असं ते म्हणाले तेव्हा लग्न ठरलेल्या मुलासारखे दिसत होते. आणि तसं म्हटलं तर प्रकरण तसंच होतं. माझी खाला, म्हणजे खालूंची बायको, दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर प्रथमच इकडे आली होती. एकतीस वर्षं खालू बेडस्पेसमध्ये राहिलेत, म्हणजे एका खोलीत आठ माणसं, वर-खाली पलंग, आणि आपलं खाजगी आयुष्य पडद्याच्या आत. खालाला तिथे नेणार कसं? ती आमच्याकडे माझ्या मुलीच्या खोलीत झोपायची. खालू रोज संध्याकाळी यायचे, जेवायचे, आणि लिफ्टपाशी उभे राहून स्वतःच्या बायकोला म्हणायचे, "बरं, येतो मग."

तेव्हा ट्रेलर लवकर घेणं भाग होतं. पण लवकर आणि खालू हे दोन शब्द एका वाक्यात बसत नाहीत. सेकंडहँड ट्रेलरच्या यार्डात दोन ट्रेलर होते, दोन्ही फक्त नवरा-बायकोसाठी बनवलेले. एकात बेडरूम पुढे मानेत, तीन पायऱ्या चढून, आणि बैठक मागे. दुसऱ्यात नेमकं उलटं, बैठक वर मानेत, मोठ्या खिडकीशी, आणि बेडरूम मागे, खाली. दोन्हींत खालूंनी नळ सोडून नमाजाआधीची वजू करून बघितली. पहिल्यात कोपर कपाटाला लागतं, दुसऱ्यात आरसा बुटक्या माणसासाठी लावलाय. मग चपला काढून पलंगावर आडवे झाले आणि डोळे मिटले. पंधरा मिनिटं झाली. सेल्समन घाबरून मला म्हणाला, "भाई, अंकल ठीक तो हैं?" डोळे न उघडता खालू म्हणाले, "हबीबी, नींद चेक कर रहा हूँ." असं आम्ही सहा वेळा गेलो. सहाही वेळा झोप पास झाली आणि सहाही वेळा एकाच प्रश्नावर गाडी अडली: "पाहुणे आले तर कुठे झोपवायचे?"

महिना उलटला. खाला कॅलेंडरसमोर जरा जास्त वेळ उभी राहायची.

एका शनिवारी सकाळी मुलगी धावत आली. "बाबा, कम डाउन! नाना इज मेकिंग अ हाउस!" खाली मागच्या पार्किंगमध्ये तिचे नाना, म्हणजे खालू, गुडघ्यांवर, हातात खडू. दोन्ही ट्रेलर जमिनीवर खऱ्या मापाने आखलेले, तीस फूट लांब, आठ फूट रुंद. दरवाजे, सिंक, गॅस, सगळं होतं. पायऱ्यांच्या जागी सिमेंटचे ब्लॉक मांडले होते. वॉचमन एका गाडीवाल्याला समजावत होता, "इधर नहीं साब, इधर किचन है."

खाला खाली आली. पहिल्या ट्रेलरच्या खडूच्या दारातून आत जाताना तिने चपला बाहेर काढल्या. सिंकपाशी उभी राहिली, वळून बघितलं. मागे भिंतीला लागून आडव्या चौकोनांची रांग होती, आणि प्रत्येकात नाव: केरळवाला, पठाण, नेपाळी, आणखी चौघं.

"ही कोण मंडळी?"

"रूमवाले," खालू म्हणाले. "कधी आले तर. पाठ टेकायला जागा नको?"

खाला हसली नाही. "एकतीस वर्षांत तुम्ही घरी किती दिवस होतात? लावा टेप, मोजा."

खालूंचा हात पट्ट्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"सुट्टीवर आलात की घर माणसांनी भरलेलं. कोण भेटायला, कोण पार्सल न्यायला. चाळीस दिवस मी चहाच करायची. पाहुणे मला आता नकोत. एवढी वर्षं पाहुणे तुम्हीच होतात."

तिने अनवाणी पायाने केरळवाला पुसला. मग नेपाळी. एकेक करत सहा पलंग गेले. उरलेला पठाण खालूंनी स्वतः पुसला आणि हळूच म्हणाले, "त्याला सांगेन, तंबू घेऊन ये."

मग खालाने ब्लॉक बघितले, आपले गुडघे बघितले आणि दुसऱ्या ट्रेलरकडे बोट दाखवलं. "हा. झोपेतून उठून पायऱ्या कोण उतरणार? बसायला चढेन. चढताना हात द्या म्हणजे झालं."

"खलास!" खालू ओरडले. तासाभरात आम्ही यार्डात होतो. एकतीस वर्षांत त्यांनी न मोजता घेतलेला निर्णय मी पहिल्यांदा बघितला.

व्हिसाचे उरलेले सगळे दिवस ते दोघं वाळूत राहिले. मी भेटायला गेलो तेव्हा वरच्या खिडकीत दोघं चहा घेत बसले होते, आणि वाऱ्याने दार आपटू नये म्हणून फटीत ती पिवळी टेप खुपसलेली होती. मी तासाभरात निघालो. कोणी थांब म्हणालं नाही, आणि मला फार बरं वाटलं.

खाला परत गेली. ट्रेलर यार्डात ताडपत्रीखाली आहे, खालू आठ जणांच्या खोलीत, पुढच्या थंडीत पुन्हा, इन्शाल्ला. पार्किंगमधला खडू टायरांनी बहुतेक पुसला, फक्त कोपऱ्यात खालाने निवडलेल्या ट्रेलरच्या मागच्या पलंगाची एक बाजू राहिली आहे. ती नेमकी माझ्या जागेत येते, ती पुसली जाऊ नये म्हणून मी गाडी तिरकी लावतो. वॉचमन रोज कटकट करतो. खालू शुक्रवारी जेवायला येतात, गाडीपाशी क्षणभर थांबतात आणि वर येतात. काही वाकडं दिसलं आणि खालू बोलले नाहीत, असं मी आजवर फक्त तिथेच बघितलंय.