मामा आणि केसांच्या पुड्या

माझ्या लिहिण्यात चुका असणार, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळत नव्हतं, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. मुलीला मराठी कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. तिला तपासायला द्यायची लाज वाटते. तरी मामांबद्दल लिहून ठेवावंसं वाटलं, म्हणून तिच्याच जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय.

मामा म्हणजे केनियाची एक बाई. तिकडे मोठ्या बाईला मामा म्हणतात. आमच्या रत्नागिरीकडे मामा म्हणजे मिशीवाला माणूस, त्यामुळे पहिले काही दिवस हाक मारताना मला हसू यायचं. मामांना कुणी काही विचारलं की त्या उत्तर देत नसत. "आधी तुझं सांग," म्हणत. भाजीवाला असो की मोठा साहेब, सगळ्यांना तेच.

इथे आखातात, अल अझीझियात मी ज्या ऑफिसात साफसफाई करते, तिथे एक तरुण डॉक्टरबाई आल्या. आफ्रिकेतून इथे कामाला आलेल्या बायकांना बीपी का होतं, काळजीने त्यांच्या शरीराचं काय होतं, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. मामा पलीकडच्या गल्लीतल्या सलूनमध्ये वेण्या घालत. त्या भागातल्या सगळ्या आफ्रिकन बायका त्यांना ओळखायच्या, म्हणून डॉक्टरबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. फॉर्म काढला आणि वय विचारलं. मामा म्हणाल्या, आधी तुझं सांग. मग तुझी आई कुठे असते, तिला बीपी आहे का, शेवटचा फोन कधी केलास. अर्ध्या तासाने डॉक्टरबाईंचे डोळे भरलेले आणि मामांचा फॉर्म कोराच. मी दाराशी मॉप पिळत हसू दाबत होते.

खरा घोळ केसांवरून झाला. केसांत म्हणे मागच्या काही महिन्यांची काळजी साठून राहते, आणि ती मशीनवर कळते. त्यासाठी डोक्याच्या मागून एक बारीक बट मुळापासून कापावी लागते. पहिल्या शुक्रवारी अकरा बायका आल्या. डॉक्टरबाईंनी कात्री काढली आणि अकराच्या अकरा जणींना काही ना काही काम आठवलं. बायकांना शास्त्र समजत नसेल, आपण चित्रं काढून समजावू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

"त्यांना समजलंय," मामा म्हणाल्या. "तुलाच अजून समजायचंय."

मामांचं हिंदी चांगलं होतं, मधे इंग्रजी आणि यल्ला-खलास असली अरबी. मी इथे मराठीत लिहिते आहे. त्यांनी सांगितलं ते असं. या वेण्या घालायला अख्खी सुट्टी जाते. मधूनच कापली तर सगळं डोकं बिघडतं. शिवाय केस अनोळखी हातात गेले तर त्यावरून कुणी आपलं वाईट करील, अशी काहींना भीती असते. आणि मागे एकदा कुणी तरी रक्त घेऊन गेले होते, त्यात काय निघालं ते सांगायला परत आले नाहीत. डॉक्टरबाईंनी विचारलं, तुमचाही केसांबद्दल विश्वास आहे का? मामा म्हणाल्या, "माझा नाही. पण केस माझे नाहीत ना."

मग मामांनी आपली पद्धत घालून दिली. जिच्या वेण्या सोडायची वेळ झाली असेल तिनेच यायचं. मामा ऑफिसात खुर्ची टाकून वेण्या सोडणार, बट मामाच कापणार, आणि नव्या वेण्या तिथेच घालून देणार. गळलेले केस पुडीत घालून जिचे तिला द्यायचे. मशीनवर जाऊन उरलेले केससुद्धा परत द्यायचे. आणि काय निघालं ते आधी या बायकांना सांगायचं, मग कंपन्यांच्या साहेबांना. डॉक्टरबाई कबूल झाल्या. मामांनी एकेकीला फोन करून स्वतःचा शब्द दिला.

आणि पहिल्याच दिवशी त्या शब्दाला मी झाडू लावला. चार जणींच्या वेण्या सोडून झाल्या, सगळ्या चहाला उठल्या. खाली केस पडलेले दिसले की माझा हात थांबत नाही. सगळे गोळा करून काळ्या पिशवीत भरले आणि खालच्या मोठ्या डब्यात टाकून आले. वर येऊन बघते तर लांबच्या अल खोरहून कंपनीच्या बसने आलेली अकिनी, सिक्युरिटीत काम करणारी, खुर्चीखाली बघत उभी. माझे केस कुठे आहेत, तिने विचारलं. मग सगळ्या मामांकडे बघायला लागल्या, आणि मामांचा चेहरा मी पहिल्यांदा उतरलेला पाहिला. त्या बायका तशाच गेल्या असत्या तर मामांच्या खुर्चीत पुन्हा कुणी बसली नसती, सलूनमध्येसुद्धा नाही.

मी मामांजवळ जाऊन हळूच म्हटलं, मी टाकले. त्या ओरडल्या नाहीत. "डबा कुठे आहे?" एवढंच विचारलं. आम्ही दोघी उन्हात खाली गेलो. मामा डब्यात कमरेपर्यंत वाकल्या आणि मी त्यांचे पाय धरून ठेवले. वॉचमन बघत राहिला. पिशवी मिळाली. जिन्यातच बसून आम्ही केस वेगळे केले. वेण्यांत प्रत्येकीने वेगळ्या रंगाचे खोटे केस मिसळलेले होते, तपकिरी, लालसर, काळेभोर, एकीचे निळे, म्हणून ते जमलं. चार पुड्या झाल्या. मी त्या मामांपुढे धरल्या.

मामा म्हणाल्या, "शब्द माझा होता, हात तुझे होते. तूच दे."

मी चार माणसांत कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. सॉरी म्हटलं, आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की माझी आईपण विंचरलेले केस इकडेतिकडे पडू द्यायची नाही, गुंडाळी करून मातीत पुरायची, आणि तिला हे कळलं तर ती मला झाडूनेच मारील. अकिनीने आधी पुडी उघडून नीट बघितली. मग म्हणाली, तुझ्या आईचा नंबर दे. सगळ्या हसल्या, आणि जिची पाळी होती ती खुर्चीत जाऊन बसली.

तेव्हापासून पुड्यांचं काम माझ्याकडे आलं. पुडीवर मी नाव लिहायची, आणि मामा ती उलटीसुलटी करून विचारायच्या, हे नाव आहे की झुरळ?

पुढे सात-आठ महिन्यांनी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बोलावून काय निघालं ते सांगितलं. ज्यांना सुट्टी नीट मिळत नव्हती त्यांच्या केसांत काळजी जास्त सापडली. हे आम्हाला मशीनशिवाय माहीत होतं, असं एक जण म्हणाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, खरं आहे, पण आता ते कंपन्यांना कागदावर दाखवता येईल. बायकांनी विचार करून ठरवलं, दाखवा, पण नावं नकोत. तेव्हा कुठे तो कागद साहेबांकडे गेला.

उरलेल्या केसांच्या पुड्या त्याच दिवशी वाटल्या. एक राहिली. अकिनीचं कॉन्ट्रॅक्ट संपून ती आधीच गावी गेली होती. मामाही त्या महिन्यात कायमच्या परत निघाल्या. त्यांनी ती पुडी पर्समध्ये पासपोर्टच्या कप्प्यात ठेवली. मी म्हटलं, मामा, एवढ्याशा केसांसाठी कुठे त्या गावापर्यंत जाणार? त्या म्हणाल्या, आधी तुझं सांग, तू माझ्या जागी असतीस तर?

तीन आठवड्यांनी त्यांचा आवाज फोनवर आला. मागे कोंबडा आरवत होता. दोन बस बदलून त्या पोचल्या होत्या. अकिनीला पुडी दिली, काय निघालं तेही समोर बसून सांगितलं, आणि तिच्या आईने जेवल्याशिवाय सोडलं नाही.

"हमीदा," त्या म्हणाल्या, "खलास. आता आपल्याकडे कुणाचं काही राहिलेलं नाही."