सगळ्यांना जाणारी मेल

शहापूर आणि मुरबाडकडच्या भात लावणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. त्याचे अध्यक्ष माझे बाबा, आणि कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं म्हणून गटाचा मेल सर्व्हर माझ्या गळ्यात. पगार नाही, शिव्या मात्र वेळेवर.

काम खरं तर चिमूटभर. गिऱ्हाइकांसाठी ‘तांदूळ’ नावाचा एक पत्ता हवा होता. अशा पत्त्याला स्वतःची पेटी नसते. त्यावर आलेली मेल कुणाकडे द्यायची, एवढं सर्व्हरवरच्या एका फाइलीत लिहायचं. मी वहिनीचं नाव लिहिलं. शहापूरकडच्या शेणवे गावात आमच्या घरी बसून गिऱ्हाइकांशी बोलणारी, वजन-भाव बघणारी तीच. एक ओळ. चहा निवायच्या आत काम झालं.

मग ते गटाच्या बैठकीत सांगायची मला अवदसा आठवली.

आमच्याकडे लग्नाचं आवतण घरोघर जातं. एक घर राहिलं तर त्या घरचा माणूस मांडवात पाय ठेवत नाही आणि तो राग पुढच्या लग्नापर्यंत जपून ठेवतो. बैठकीला माझी ओळही तशीच वाटली. मुरबाडचे म्हणाले, मेल शहापूरकडेच का? शहापूरकडच्याच सापगावचे म्हणाले, शेणव्यालाच का? बाबांनी निकाल दिला, सगळ्यांची नावं घाल. सगळ्यांना गेलेली मेल कुणाचीच नसते, हे मी परोपरीने सांगितलं. ऐकतो कोण! मानाच्या क्रमाने नावं सांगितली गेली आणि मी ती तशीच टाइप केली: वर बाबा, मग बाकीची म्हातारी मंडळी, सगळ्यात खाली वहिनी. सर्व्हरला वरचं-खालचं काही कळत नाही, तो सगळ्यांना एकदमच देतो, हे सांगून माझा घसा बसला.

त्या पावसाळ्यात वहिनीने शेणव्यातल्या बायकांना जुना, वासाचा भात लावायला सांगितलं. त्याचा उतारा कमी, पण पुण्याचा एक दुकानदार सगळा घेईन म्हणाला होता. तिच्या शब्दावर बायकांनी चांगली खाचरं त्या भाताला दिली. कापणी झाली, झोडणी झाली, आणि दुकानदाराची काही खबर नाही. बायका येता-जाता दारात थांबून विचारायच्या. ती मान खाली घालून ऐकायची.

शेवटी मी सर्व्हरच्या नोंदी बघितल्या. मेल आली होती, दोनदा, आणि यादीतल्या प्रत्येकाला पोचली होती. बाबांच्या फोनवर उघडून वाचली. माल कधी देता ते या आठवड्यात कळवा, नाहीतर दुसरीकडून घेतो, असं लिहिलं होतं. तो आठवडा केव्हाच उलटला होता.

मी एकेकाला फोन केले. बहुतेकांनी मेल पाहिली होती, उत्तर एकानेही दिलं नव्हतं. अध्यक्षांच्या आधी कसं बोलायचं, हे प्रत्येकाचं म्हणणं. आणि अध्यक्षांनी ती उघडलीच नव्हती. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. बैठकीत मोठा माणूस बोलेपर्यंत बाकीचे तंबाखू मळत बसतात, ते एक वेळ समजू शकतो. मेलवरसुद्धा तेच?

याच तिरमिरीत मी वहिनीला विचारायला गेलो.

“मी पयल्याच दिशी वाचली, भावजी,” ती म्हणाली. “पन मामांचं नाव वर हाय. मामा बोलायच्या आदी मी कशी बोलू?”

बाबा ओटीवर बसले होते, त्यांनीही ऐकलं. आता ते तिलाच बोलणार असं मला वाटलं.

“माजं नाव काढ रे,” ते मला म्हणाले. “पयलं माजंच काढ. मंग बाकीचे काय बोलनार नाय.”

मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि त्यांच्याबरोबर बाकीचीही नावं काढली. पुन्हा एकच ओळ उरली, पहिल्या दिवशी होती तीच. एवढ्यासाठी एक अख्खं पीक टांगणीला लावलं होतं आम्ही.

वहिनीने लगेच दुकानदाराला लिहिलं. पाठवण्याआधी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी तो बघितलाही नाही.

“तू बोल गो,” ते म्हणाले.

संध्याकाळी उत्तर आलं, ते तिला एकटीलाच. दुकानदाराने माल दुसरीकडून घेतला होता.

तिने फोन ठेवला, पदर खोचला आणि बायकांना सांगायला निघाली. बाबांनी चपला घातल्या आणि तिच्या मागून चालू लागले. एकही घर न वगळता ती दोघं गेली. प्रत्येक दारात ती बोलली आणि बाबा तिच्या मागे उभे राहिले.