चटया गुंडाळणारा छगन

छगन गेल्याची बातमी माझ्याकडे दोनदा आली. पहिल्यांदा मी ती हसून परत पाठवली.

शहाद्यात माझं कापडाचं दुकान. सकाळी गाठोडी सोडत होतो. आमचा योगवर्ग भरतो त्या धर्मशाळेची झाडलोट करणारे दगुबाबा धापा टाकत आले. "दादा, छगनभाई उठी नही ऱ्हायना. चटाया बी तश्याच पडेल शेतस." मी म्हणालो, "पडू द्या बाबा, शवासनमा शे तो. हाक नका मारू." म्हातारा परत गेला... थोड्या वेळानं पुन्हा आला तेव्हा म्हणाला, "दादा, अंग गार पडेल शे."

नियमच तसा होता. महायुद्धामुळे घासलेट मिळेना, म्हणून वर्ग उजाडल्यावर भरायचा आणि सगळ्यांना कामाची घाई. आमचे गुरुजी, निवृत्त शाळामास्तर, बजावायचे, "शवासनातून ज्याला जाग येईल त्यानं गुपचूप उठून जावं. कुणी कुणाला हाक मारायची नाही." आणि जो शेवटी उठेल त्यानं सगळ्यांच्या चटया गुंडाळून कोपऱ्यात लावायच्या. चार वर्षं तो शेवटचा माणूस छगनच. कळसाडीचा गुजर शेतकरी, मुलींच्या शाळेसाठी शहाद्यात बिऱ्हाड केलेला. "तुला काय, पडल्या पडल्या झोप," म्हणून आम्ही त्याची टर उडवायचो. तोही हसायचा.

खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं. एकदा मी मध्येच डोळे उघडले, तर शेजारी छगन टक्क जागा, आढ्याकडे बघत पडलेला. मला पाहून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. बाहेर गाठून विचारलं तेव्हा म्हणाला, "तुमले दुकान उघडनं ऱ्हास. मन्हं वावर काय पयी जाई ऱ्हायनं?" म्हणजे आमच्या चटया गुंडाळाव्या लागू नयेत म्हणून हा माणूस रोज झोपेचं सोंग घेऊन पडायचा!

आणि हे ठाऊक असून मी दगुबाबांना तसं का सांगितलं? सगळे निघून गेल्यावर छगन पडून राहणारच नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळत होतं? डोकं चालत नाही. वैद्य म्हणतात, जीव क्षणात गेला असणार, तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. गुरुजी म्हणतात, भाग्याचं मरण. असेलही... पण त्या दिवशी निघताना त्याच्या उशाशी ठेवलेली माझी टोपी मी वाकून उचलली, तेव्हा तो जागा होता का? मला हाक मारावीशी वाटली आणि नियमासाठी गप्प राहिला का? माझं लक्ष टोपीकडे होतं. त्याच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही.

दहाव्याला छगनच्या बायकोनं, वहिनींनी विचारलं, "तुम्ही त्यासना बाजूलेच व्हतात ना? शेवटलं काय बोलनात?" मी म्हणालो, "वर्गात कुणी बोलत नाही, वहिनी." त्यांनी मान हलवली. मला तोंड वर करवेना.

आता शेवटी मी उठतो. दुकान उघडायला उशीर होतो, होऊ दे. एकेक चटई गुंडाळतो. छगनची चटई अजून तिच्या जागी अंथरतो. फाटलेली कड त्यानं केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं शिवलेली आहे. ती सगळ्यांत शेवटी उरते. धर्मशाळेत तेव्हा कुणी नसतं. मी तिच्याजवळ बसतो आणि गुरुजींचा नियम मोडून मोठ्यानं म्हणतो, "छगन, ऊठ." मग थोडा वेळ थांबतो, आणि चटई गुंडाळतो.