उरलेली फीत

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. क्लासवाल्या सरांची लेक्चरं ते कॅसेटवर भरून द्यायचे. समोरचा बोलू लागला की मान वाकडी करून ऐकायचे, त्याचा आवाज तपासून घेतल्यासारखे.

माझ्या मुलीनं बारावीच्या फिजिक्सचा संच आणला. पहिला धडा संपला आणि उरलेल्या फितीवर एक पोरगी गाऊ लागली, कोवळ्या, चढ्या आवाजात. माझं डोकंच सणकलं. तडक दुकान गाठलं.

"चाचा, ही काय थट्टा?"

"भाऊ, फीत रिकामी चालली होती. मला न्हाई बघवत."

गाणारी किल्लारीकडची. उरुसात, लग्नात गायची, भूकंपात गेली. चाचांनी गावोगाव फिरून तिच्या लहानपणापासूनची सगळी गाणी जमवली होती, पण ती कुणी विकत घेईना. मग त्यांनी ती ओळीनं फिजिक्समागं लावून टाकली. पोर्शन पुढं सरकला तसा तिचा आवाज पिकत गेला. धडा संपला तरी मुलगी टेप बंद करीना, आणि मीही दाराशी थांबू लागलो.

शेवटच्या कॅसेटवर मात्र धड्यामागं नुसती खरखर.

"चाचा, शेवटची भरायची राहिली काय?"

त्यांनी कॅसेट लावली आणि मान वाकडी करून ती खरखर ऐकत राहिले.

"न्हाई, भाऊ. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी तिचं गाणं ठरलं होतं. तेवढी फीत तिची हाय."