चावीवालीचा राग

चावीवालीच्या नाकावर राग असतो, हे चौकातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नवरा अचानक गेला तेव्हा तिची दोन्ही मुलं शाळेत जात होती. बसथांब्यामागची त्याची टपरी तिने लगेच उघडली आणि किल्ल्या घासायची कानस हातात घेतली, ती म्हातारपणी गुडघे बसेपर्यंत खाली ठेवली नाही. "जरा लवकर" असं कुणी म्हणालं, की अर्धवट कापलेली किल्ली ती त्याच्या हातावर ठेवायची. "घे, उरलेली दातांनी कर." एकदा एक सभ्य दिसणारा माणूस साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेऊन आला. घर कुणाचं, असं विचारल्यावर तो अडखळला. तशी ही टपरीतून खाली उतरली आणि कानस उगारून त्याला पार सिग्नलपर्यंत पिटाळून आली.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र तिला वेगळंच काही दिसलं. मुलगी दवाखान्याच्या फरशीवर सतरंजी टाकून झोपली. मुलगा वेल्डर, त्याने कामावर सुट्टी टाकून न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडे बसवले. त्याची मुलगी परीक्षा तोंडावर असताना रोज यायची आणि म्हणायची, "आजी, शिव्या दे, पण पाऊल टाक." आजी शिव्या द्यायची आणि पाऊल टाकायची. दुपारी सगळे जरा पेंगले, की हिचे डोळे भरून यायचे. या पोरांना आपण दिलं काय? धपाटे आणि शिळं अन्न. काहीतरी बोलावं असं तिला फार वाटायचं. पण तोंड उघडलं की बाहेर यायचं, "उशी सरळ कर, डोळे फुटलेत का?"

ती घरी आली तर खोलीला नवा रंग होता. पलंगावर जाड गादी होती. आणि भिंतीला काचेचं कपाट. आत तिची कानस, हातोडी, किल्ली घट्ट धरणारा तो जुना वाइस, सगळं पॉलिश करून मांडलेलं. वर छोटा दिवासुद्धा लावलेला.

"हे इथे कशाला?" तिने विचारलं.

"आई, टपरी विकली आपण," मुलगा हसत म्हणाला. "मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण आहे, त्याला. आता तू फक्त आराम करायचा."

टपरीचा परवाना मुलाच्याच नावावर होता; त्यामुळे काम सोपं झालं होतं. शेजारीण दारातच उभी होती. ती म्हणाली, "नशीब काढलंत हो! पोरांनी पांग फेडले."

चावीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दिवा लावलात, आता माझा फोटो तेवढा लावा आत! जिवंतपणीच उरकून टाका!"

मुलगी रडकुंडीला आली. "आई, आम्ही रात्रीचा दिवस केला तुझ्यासाठी. एक चांगला शब्द नाही तुझ्या तोंडात?"

"केलंत. माझ्या कातड्याचे जोडे केले तरी फिटणार नाही, इतकं केलंत. म्हणून मला न विचारता माझं दुकान विकणार? उपकाराची ही कुठली रीत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," मुलगा म्हणाला.

"म्हणूनच विचारायचं असतं!"

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. ती जेवायची, व्यायाम करायची, औषध घ्यायची, पण सगळं दात-ओठ खात. गुडघा जरा वाकायला लागला तशी एका सकाळी काठी घेऊन ती एकटीच जिना उतरली आणि चौकात गेली. टपरी गुलाबी झाली होती. किल्ल्या टांगायचे खिळे उपटून ती भोकं लांबी भरून बुजवली होती. कव्हरवाला गडबडून उठला. "मावशी, मला दादांनीच..." त्याचा काय दोष? म्हणून तर ती आणखीच चिडली. तिला शिव्या द्यायलाही माणूस उरला नव्हता.

परत येईपर्यंत पाय सुजला. जिना चढवेना. ती खालच्या पायरीवर बसून राहिली. नातीने वरून पाहिलं आणि बापाला फोन केला. तो काम टाकून धावत आला, काळे हात तसेच.

"डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा टपरीत उकिडवी बसलीस तर पाय जाईल," तो ओरडलाच. "मी घाबरलो, आई!"

"मग घाबरलो म्हणून सांगायचं! मी काय कुलूप आहे, बाहेरून फिरवलं की झालं?"

 तो तिच्याकडे पाठ करून खाली बसला. "चल, बस."

"नाही बसत."

"बस म्हणतो ना!"

ती बसली. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत ती त्याच्या कानात भांडतच होती. दारं उघडली, शेजारी बाहेर आले. दुसऱ्या वळणावर तिने त्याच रागाच्या सुरात सांगितलं, "तुझी बहीण फरशीवर झोपली, ते मी बघितलंय. तुझी पोर परीक्षेचा अभ्यास सोडून आली. तू दांडे बसवलेस, धरताना रोज तुझं नाव घेते. तुमच्यासारखी पोरं कुणाला मिळत नाहीत. कळलं का, गाढवा?"

"कळलं," तो धापा टाकत म्हणाला.

"आणि पुन्हा माझी एक वस्तू जरी हलवलीस ना, तर बघ."

रविवारी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत त्याने टेबल ठोकलं, उंच खुर्ची आणली, वाइस कपाटातून काढून टेबलावर बसवला. पाय लांब करून बसता यावं असं माप नातीने घेतलं होतं. तरी म्हातारीने दोनदा वाइस उलटा बसलाय म्हणून खोलायला लावला. मुलीने पाटी लावली.

आता गिऱ्हाइकं तिथेच येतात. "पोरांनी छान सोय केली," असं कुणी म्हटलं की ती मान हलवते. "केली खरी," म्हणते. पण बाजाराला जाताना ती चौकातून जात नाही, मागच्या गल्लीने लांबचा वळसा घेते. त्या गुलाबी टपरीकडे बघितलं की तिचं डोकं अजून फिरतं.