उतारावरचा दुसरा पाय

नाव : उर्रुती, गानिश. वय : एकाहत्तर. व्यवसाय : मेंढपाळ, मेंढ्या स्वतःच्या. उंची : पाच फूट सहा इंच, टोपीसह पावणेसहा. डोळे : तपकिरी, दोन्ही चालू. उजवा गुडघा : धातूचा, बसवून चौदा महिने. अपघात : नाही. दंड : एक, कुत्रा स्टिअरिंगवर आढळल्याबद्दल. चालकास मागे ट्रेलर ओढण्याची परवानगी आहे. मात्र वाहनाच्या ब्रेकला सहाय्यक यंत्रणा असावी व ती चालकाच्या पायास पुरते असे मेकॅनिकने लेखी कळवावे. विशेष खूण : उजव्या बुटाच्या वरच्या चामड्यात, बोटांच्या जरा मागे, टाचेएवढा खड्डा. या खुणेसाठी अर्जात रकाना नव्हता.

वाहन परवान्याचा हा अर्ज त्याची मुलगी ओडील हिने स्वयंपाकघरात बसून भरला. ती शाळेत भूमिती शिकवते आणि घरातही कोपरे सोडत नाही.

"आइता, इथे सही करा," ती वडिलांना म्हणाली.

"आणि गॅरेजवाली ट्वायला नाही म्हणाली तर?"

"तर बिऱ्हाडाची गाडी यंदाही डग नेईल. तुम्ही शेजारी बसायचं."

डग म्हणजे ओडीलचा नवरा. माणूस चांगला, हीच त्याची अडचण. त्याच्याशी भांडताच येत नाही. गेले तीन उन्हाळे कापडी छपराची ती बिऱ्हाडाची गाडी, आत चूल, पलंग आणि कॉफीच्या डागांसकट, खिंडीपलीकडच्या कुरणापर्यंत त्यानेच ओढून नेली होती. गानिश शेजारी बसे आणि प्रत्येक वळणाला उजव्या पायाने खालची रबरी चटई दाबे. तिसऱ्या वर्षी चटईला भोक पडलं. डग नवी चटई घेऊन आला.

वर कुरणात तसं बघायला गेलं तर काही नाही. अॅस्पनची झाडं, एक ओढा, वारा आणि मेंढ्या. ओढ्याकाठी काळ्या मातीचा एक गोल, जिथे गाशुशा निखाऱ्यांत भांडं पुरून पाव भाजायची. गाशुशा त्याची बायको. १९७८ साली युरोपातल्या पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याहून गावातल्या हॉटेलात स्वयंपाकाला आली आणि चार महिन्यांत गानिशची झाली. त्यानंतरचे बत्तीस उन्हाळे ती त्या गोलाशी ओणवी असे. ती जाऊन चार वर्षं झाली. गवताने अजून तो गोल भरून काढला नव्हता. गानिशला तिथे पोचवलं जायचं नव्हतं, पोचायचं होतं. दोन्हींत काय फरक आहे हे त्याने ओडीलला एकदा सांगून पाहिलं. तिने त्याला पालेभाजी वाढली.

ट्वायला होल्बर्गचं गॅरेज हमरस्त्याला लागून आहे. बाई त्रेपन्न वर्षांची, हात सुताराचे, जीभ न्हाव्याची. ब्रेकचं काम घेण्याआधी ती माणसाचा पाय मोजते. न्हाणीघरातला वजनकाटा तिने फळीवर ठोकून भिंतीला उभा लावला आहे आणि समोर पिकअपमधली जुनी सीट. बसायचं, टाच टेकायची, दाबायचं. काटा सांगेल तो आकडा ती भिंतीवर खडूने लिहिते. ही पद्धत कुठल्या पुस्तकात नाही. पण त्या तालुक्यात असा एक मेंढपाळ नाही ज्याने स्वतःचा आकडा बारमध्ये वाढवून सांगितलेला नाही.

"दाबा," ट्वायला म्हणाली.

गानिशने सीटच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या, पाठ रोवली आणि दाबलं. काटा एकशे तीस पौंडांवर गेला.

"वा. आता सीट सोडा."

"गाडी चालवताना काय मी हवेत बसतो?"

"गाडी चालवताना हात स्टिअरिंगवर असतात. का तेही कुत्र्याकडे?"

त्याने सीट सोडली. काटा सेहेचाळीसवर थरथरत थांबला. ट्वायलाने भिंतीवर सेहेचाळीस लिहिलं, जरा बारीक अक्षरात. मग ती ट्रकखाली गेली.

ट्रक १९८४ चा, एक टनी, मागे जोडचाकं, डिझेलचा. डिझेल इंजिन ब्रेकला लागणारी ओढ स्वतः देत नाही. त्यासाठी हवा खेचणारा एक वेगळा पंप असतो. तो पंप बरीच वर्षं दमलेला होता. पहिल्या दाबाला जोर यायचा, दुसऱ्याला निम्मा, तिसऱ्याला पेडलचा दगड. आणि खिंडीपलीकडे आठ मैलांचा उतार आहे. तिथे तिसरा दाब पहिल्याच वळणाला लागतो.

ट्वायला बाहेर आली, हात पुसत.

"हा पंप कधीपासून असा आहे?"

"नव्वद. एक्क्याण्णव असेल."

"आणि मागे भरलेली गाडी घेऊन तुम्ही तो उतार उतरत होतात? दर वर्षी? या पेडलला तिथे दीडशे पौंड लागतात, गानिश. ऐन तिशीतही तुमच्या पायाला ते जमलं नसतं. दीडशे फक्त बारमध्ये होतात."

गानिश टोपीच्या आतल्या बाजूला काय लिहिलंय ते वाचू लागला.

ट्वायलाची नजर त्याच्या बुटावर गेली. ब्रेक दाबून दाबून तळ झिजलेले बूट तिने शेकड्यांनी पाहिले होते. वरून दबलेला एकही नाही. तीनदा तळ बदललेला बूट, आणि वर खड्डा तसाच. तिने ट्रकचा दरवाजा उघडून सीट पाहिली. बाकासारखी, सलग, तिघांना पुरेल अशी. मधली जागा खिडकीजवळच्या जागेपेक्षा जास्त खचलेली.

"गाशुशा मधे बसायची," ती म्हणाली.

"गिअरचा दांडा तिला गुडघ्याला लागायचा, पण ऐकायची नाही. खिंड ओलांडली की डावा पाय उचलून माझ्या बुटावर ठेवायची. मी दाबलं की ती दाबायची. न सांगता. आधीच्या ट्रकपासूनची खोड. तिथे ब्रेक बरे होते. तरी दाबायची. म्हणायची, तुझा भरवसा आहे, तुझ्या पायाचा नाही."

"पंप दुरुस्त का नाही केलात?"

"मग तिने पाय कशाला ठेवला असता?"

ट्वायलाने याआधी ब्रेक दुरुस्त न करण्याची कारणं खूप ऐकली होती. हे यादीत नव्हतं. ती खोकली आणि कामाचं बोलू लागली.

"तीन मार्ग आहेत. एक, नवा पंप आणि त्याला दुहेरी पडद्याचा मोठा डबा. जुनं तेच, जरा जाडजूड. दोन, विजेवरचा पंप. बॅटरी आहे तोवर राजा, आणि दिवसभर डासासारखा गुणगुणेल. तीन, हवेचा नाद सोडायचा. स्टिअरिंगच्या पंपाचं तेल ब्रेककडे वळवायचं. तेलाचा दाब हवेच्या कितीतरी पट. शिवाय बाजूला एक छोटी टाकी असते, तिच्यात दाब साठून राहतो. उतारावर इंजिन बंद पडलं तरी दोन-तीन दाब शिल्लक."

"पहिलं दे. जुन्यासारखं."

"पहिलं तुमच्या सेहेचाळीसला रिकाम्या ट्रकपुरतं होईल. मागे बिऱ्हाड लावलं की मी सही करणार नाही."

"तिसरं बसवलं तर पेडल किती हलकं होतं?"

"अंगठ्याने दाबाल."

"थोडं जड ठेवता येईल?"

"कुणासाठी?" हे बोलल्याबरोबर तिला ते बोलायला नको होतं असं वाटलं. पण शब्द निघून गेला होता.

तिसरं ठरलं. ट्वायलाने भंगारातल्या एका ट्रकचं यंत्र आणलं, उघडलं, सगळी रबरं बदलली, स्टिअरिंगला जोरकस पंप लावला, नव्या नळ्या ओढल्या, पेडलची दांडी नव्या भोकात घेतली. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत गानिश अकरा वेळा येऊन गेला. दर वेळी म्हणाला, इकडून जात होतो. त्याचं घर दुसऱ्या दिशेला आहे.

दहाव्या दिवशी तिने त्याला चालकाच्या जागी बसवलं.

"इंजिन बंदच ठेवा. पेडल मारा, पाच-सहा वेळा. साठलेलं सगळं संपू दे."

त्याने मारलं. पेडल कडक होत होत दगड झालं.

"आता दाबून धरा आणि इंजिन चालू करा."

इंजिन घुमलं. बुटाखाली पेडल जरासं खचलं, आणि मग हळूच वर येऊन तळव्याला टेकलं. धक्का नाही. झोपेत कुणी कूस बदलावी तसं.

गानिशने वाकून पेडलकडे पाहिलं.

"हे काय होतं?"

"यंत्र जिवंत असल्याची खूण. आधी बसतं, मग उलटं दाबतं."

"ती वरून दाबायची."

"हे खालून येतं," ट्वायला म्हणाली.

त्याने इंजिन बंद केलं. पेडल मारून मारून रिकामं केलं, दाबून धरलं, पुन्हा चालू केलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी ट्वायला कॉफी आणायला आत गेली, आणि कॉफी तयार होती तरी आतच थांबली.

दुपारी त्यांनी मागे बिऱ्हाडाची गाडी जोडली, आत पाण्याची पिंपं भरली आणि खिंड चढली. ट्वायला खिडकीशी बसली. मधली जागा तिने मोकळी सोडली. उताराच्या पहिल्या वळणाला गानिशने सवयीने, बत्तीस वर्षांच्या जोराने, पेडल हाणलं. ट्रक जागीच नाक घासून उभा राहिला. ट्वायलाची टोपी काचेवर गेली आणि मागे काहीतरी फुटलं.

"कप," गानिश म्हणाला.

"पाय नका घालू हो! बोट ठेवा नुसतं. अंडं आहे असं समजा."

दुसऱ्या वळणाला त्याने अंडं समजलं. ट्रक वाकला, सावरला आणि निघाला. तिसऱ्याला दगड आला नाही. पाचव्यालाही नाही. सातव्याला ट्वायलाने दरवाजाची मूठ सोडली. त्याचा बूट पेडलवर इतका हलका टेकलेला होता, की वर दुसरा पाय ठेवला असता तर गाडी थांबलीच असती.

तळाला कुरण लागलं. दर वर्षी इथे गाशुशा पाय काढून घेई आणि म्हणे, "पोचलो. घे, तुझा पाय तुला." गानिशने ब्रेक लावला, हातब्रेक ओढला आणि पाय पेडलवर तसाच ठेवून बसला. मग तो त्याचा त्यानेच काढला.

ट्वायलाने गुडघ्यावर अर्ज ठेवला आणि 'चालकाच्या पायास पुरते' असं लिहून खाली सही केली. एक रकाना राहिला होता.

"ब्रेकला सहाय्य कोणत्या वर्षापासून, असं विचारलंय."

गानिश ओढ्याकाठच्या काळ्या गोलाकडे बघत होता. "अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला.

तिने १९७८ लिहिलं. ट्रक १९८४ चा होता.