बद्रीचा हात

बन्सी आमच्या वाळूजच्या कारखान्यात पत्रा दाबायची प्रेस चालवतो. पोरवयात त्याला चित्रकलेच्या कॉलेजला जायचं होतं, बापानं कंपनीच्या गेटवर उभं केलं. पण खोड गेली नाही. युनियनच्या फलकावरची कार्टुनं त्याचीच. कधी सुपरवायझरचं पोट, कधी कँटीनच्या पातळ डाळीत पोहणारा कामगार. साहेबलोकसुद्धा जाता जाता चोरून बघायचे.

करमाडचा बद्रीनाथ हा त्याचा जिगरी दोस्त. शिफ्ट एक, बस एक, डबाही एकत्रच. एका दुपारी प्रेसमध्ये पीस अडकला, बद्रीनं तो काढायला हात घातला आणि प्रेस खाली आली. उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली, अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. माल वाढावा म्हणून हात वाचवणारं मशीनचं गार्ड काढायला लावणारे साहेब पुढं बढती घेऊन दुसरीकडं गेले. त्यांचं काय जातंय!

बद्री पार खचला. त्याची बायको साळूबाई बन्सीला म्हणाली, "भाऊजी, हे घराबाहेर पडंनात. तुमीच काईतरी करा."

बन्सीला येत होतं तेच त्यानं केलं. बद्रीचं कार्टून काढलं. भरघोस मिशा, डोक्यावर हेल्मेट आणि समोर धरलेला तो हात. खाली लिहिलं, 'आधी प्रेस बंद, मग आत हात.' फलकावर लावायच्या आधी बद्रीला दाखवलं.

"लाव," बद्री म्हणाला. "माझी गेली ती गेली. पोरांची तरी ऱ्हातील."

कंपनीनं ते चित्र प्रत्येक प्रेसवर चिकटवलं. बद्री कामावर परतला, आणि दरवर्षी सुरक्षा सप्ताहात नव्या कंत्राटी पोरांसमोर त्याला उभं करायचे. त्याला भाषण जमत नसे. तो नुसता हात वर करायचा आणि अख्खी शेड गप्प व्हायची. पोरं नकळत आपली बोटं मुठीत घ्यायची. आपलं नुकसान कुणाच्या तरी कामी आलं, एवढ्यावर तो माणूस पुन्हा ताठ चालायला लागला होता. ते बघून बन्सीचाही ऊर भरून यायचा.

मग कुणा दिवट्यानं त्या चित्राचा फोटो काढला, खालची ओळ उडवली आणि लिहिलं, 'आज पार्टी हाय का?' अंगठा आणि करंगळी ताणून दारूचा इशारा करतात ना, तसा तो हात दिसत होता म्हणे.

बन्सीची मुलगी करुणा फोन घेऊन धावत आली. "पप्पा, तुमचं चित्र व्हायरल झालंय!" बन्सी आधी हरखला, मग खालची ओळ वाचून त्यानं फोन उलटा ठेवला.

तोवर उशीर झाला होता. स्टिकर झाले, रील झाल्या, टी-शर्ट निघाले. जालना रोडच्या एका ढाब्यानं तर भिंतभर बद्री रंगवला. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा बद्री रोज बसमधून स्वतःला दारूचं आमंत्रण देताना बघायचा.

बन्सीनं दिसेल त्या ग्रुपवर लिहिलं, 'हा माझ्या दोस्ताचा हात आहे. प्रेसमध्ये बोटं गेलीत त्याची. हात जोडतो, थांबवा.' उत्तरादाखल तेच स्टिकर आले, ढिगानं. एकानं विचारलं, 'मग दोस्त पार्टी कधी देतोय?' माझं डोकं आजही फिरतं. बरं, ही काही कुणी राक्षस माणसं नव्हेत. त्यांतली निम्मी बसमध्ये माझ्या शेजारी बसून कामाला येतात.

त्या वर्षीच्या सुरक्षा सप्ताहात बद्री नेहमीसारखा पुढं आला. बन्सी त्याला नको नको म्हणत होता. "खरा हात बघतील की," बद्री म्हणाला, आणि त्यानं हात वर केला.

शेड हसली. कुणी शिट्टी मारली, कुणी मागून "पार्टी!" म्हणून ओरडलं. एका साहेबानं तोंडाला रुमाल लावला. आता गप्प होतील, या आशेवर बद्रीनं हात तसाच धरून ठेवला. ते गप्प झाले नाहीत. मग त्यानं हात पँटच्या खिशात घातला आणि तो चालता झाला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही.

पुढच्या रविवारी बन्सी करमाडला गेला, मीही सोबत होतो. साळूबाईनं चहा दिला. बद्रीनं कप डाव्या हातात घेतला, उजवा उपरण्याखाली होता. बन्सीपासून त्यानं तो कधीच लपवला नव्हता.

"बद्री, माझ्यामुळं झालं रे," बन्सी रडायला लागला.

"तू चित्र चांगलंच काढलंस गड्या. पर बोटं गेली तव्हा बी मला एवढं लागलं नव्हतं."

"पुढच्या वर्षी ये. मी दुसरं काढतो. पोरांना सांगायला कुणीतरी पायजे ना."

"मी नाय येणार. दुसरा कुणी बघ."

"दुसरा कुठून आणू?"

बद्रीनं कप खाली ठेवला.

"मिळंल की," तो म्हणाला. "प्रेस चालूच हाय."